"बोअरचं पाणी भरा, थर्मोस्टॅट काढून टाका": जुन्या जीपवाल्यांमध्ये फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की जुन्या फोर बाय फोरवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून कूलंट (रेडिएटरमध्ये भरायचं रसायनयुक्त द्रव) हा पैशाचा अपव्यय आहे, साधं पाणी भरा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेका, इंजिन थंड राहील. पाणी बदलायचं तर खालचा कॉक उघडा, सगळं निघून जातं. नवीन भरल्यावर रेडिएटरचं कॅप उघडं ठेवून चार वेळा रेस द्या, एअर आपोआप निघते. आणि तापमानाचा काटा मध्यावर असेल तर काळजीचं कारण नाही.

यातलं एकेक वाक्य वाचून लोक एमएम 540, मेजर, जिप्सी अशा गाड्यांची हेड (सिलिंडरवरची झाकणं) बेंड करून घेतात. एवढी मजबूत इंजिनं केवळ पाण्याच्या हयगयीने जावीत, हे पटत नाही. म्हणून मुद्देसूद उत्तर.

"बर्फ नाही, मग कूलंट कशाला?" गोठू न देणं हे कूलंटचं आपल्याकडे सर्वांत कमी महत्त्वाचं काम. एमएम 540 मधल्या प्यूजो डिझेल इंजिनात ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. जिप्सीच्या जी 13 इंजिनात तर दोन्ही अॅल्युमिनियमचे. वेगवेगळे धातू असोत की नुसतं अ‍ॅल्युमिनियम, आत क्षारयुक्त पाणी म्हणजे अॅल्युमिनियम खात जाणार हे ठरलेलं. गंजरोधक रसायनं कूलंटमध्ये असतात, नळात नाही. बोअरच्या जड पाण्याचा थर आधी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमधल्या सर्वांत गरम जागी बसतो, म्हणजे जिथे बसायला नको तिथेच. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी वापरणारे तर त्याहून वाईट करतात, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरा.

मेसेजमधलं एक मान्य: निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिश्रणापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. म्हणून शंभर टक्के कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) भरणंही चूकच. महाराष्ट्रात पाण्यात 35 ते 50 टक्के कॉन्सन्ट्रेट पुरे. रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका, आणि हिरव्यात गुलाबी मिसळू नका. रंगापेक्षा डब्यावरचा प्रकार बघा.

"थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड." रिकाम्या सपाट रस्त्यावर खरंच जास्त थंड राहतं, आणि तेच घातक आहे. डिझेल इंजिन थंड चाललं की धूर वाढतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लायनर-रिंगची झीज होते. घाटात मात्र उलटंही घडतं. ज्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, ती इंजिन गरम झाल्यावर बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं.

शंका असेल तर तपासा. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता लटकवा, सोबत थर्मामीटर. त्यावर 82 कोरलेलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना त्याच्या कडेवरची बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवा. भरताना अडकलेली हवा तिथूनच निसटते.

"खालचा कॉक उघडला की सगळं निघतं." निघत नाही. रेडिएटर रिकामा होतो. ब्लॉक आणि हीटर भरलेलेच राहतात. जुन्या जीपच्या ब्लॉकला बाजूला वेगळा ड्रेन कॉक किंवा प्लग असतो. तो उघडल्यावर थेंबही आला नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोकात गंजाचा गाळ बसलेला असतो; तार घालून टोचली की आधी तपकिरी चिखल आणि मग धार येते.

किती निघालं ते खुणा केलेल्या बादलीत मोजा, कारण पुढचं गणित त्यावर आहे. समजा पुस्तिकेत क्षमता 10 लिटर आहे आणि बादलीत 6 च आले. धुऊन घेतल्यावर आत 4 लिटर साधं पाणी उरलं. वरून 50 टक्क्यांचं रेडीमिक्स 6 लिटर ओतलं तर प्रत्यक्षात मिश्रण 30 टक्क्यांचं होतं. म्हणून अशा वेळी आधी 5 लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वर 1 लिटर डिस्टिल्ड वॉटर. मिश्रण बरोबर निम्मं.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. 0.9 बार दाब धरणाऱ्या कॅपखाली पाणी साधारण 119 अंशांपर्यंत उकळत नाही. 105 अंशांवर कॅप उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड बेंड होतं किंवा तडकतं. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

"कॅप उघडं ठेवून रेस द्या." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. हवा सर्वांत उंच जागी अडकते, आणि बऱ्याच गाड्यांत ती जागा रेडिएटरचं तोंड नसून थर्मोस्टॅटचं हाउसिंग किंवा हीटरचा पाइप असते. रेस दिली की पंप रेडिएटरमधलं पाणी ओढतो, पातळी एकदम खाली जाते आणि उलट आणखी हवा आत शिरते. रेस सोडली की तेच पाणी उसळून बाहेर.

पद्धत अशी. गाडीचं नाक चढाकडे ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच होईल. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर. हाउसिंगवर एअर स्क्रू असेल तर सैल करा. नसेल तर हीटरच्या सर्वांत उंच होजचा (रबरी पाइपचा) क्लॅम्प. मग सावकाश ओता, मिनिटाला साधारण लिटरभर, आणि मधूनमधून वरचा जाड होज हाताने दाबत राहा. दाबल्यावर तोंडाशी बुडबुडे येतात ती हवाच. सैल केलेल्या जागेतून आधी फसफस होते, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार लागते. तेव्हा ती जागा आवळा. आता इंजिन स्लोवर चालू करा, रेस नाही. वरचा होज बराच वेळ कोमट राहून एकदम चटका देतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी उतरेल तसं भरा, कॅप लावा, बाजूची बाटली खुणेपर्यंत भरा. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा बघा. रेडिएटर काठोकाठ हवा.

सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅप बदला. कॅपच्या मधोमध असलेली छोटी चकती गार होताना उघडून बाटलीतलं पाणी परत ओढू देते. ती चिकटली की आत पोकळी तयार होते.

"काटा मध्यावर, म्हणजे ठीक." सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्यावर विश्वास ठेवता येतो. त्याच्याभोवती हवेचा फुगा असेल तर हेड तापत असताना काटा खालीच राहतो. काटा मध्यावर आणि हीटरमधून मात्र गार हवा येते, अशी जोडी दिसली की एअर अडकली आहे असं धरून चाला.

आणि दोनतीनदा नीट एअर काढूनही, स्लोवर गरम इंजिनात तोंडाशी बुडबुडे येतच राहिले, तर ती भरताना अडकलेली हवा नाही. सिलिंडरमधला गॅस हेड गॅस्केटमधून पाण्यात येतोय. मिस्त्रीकडून लीक टेस्ट करून घ्या. त्यात वापरतात ते निळं द्रावण पिवळं (डिझेलमध्ये हिरवट) पडलं की हेड उतरवावंच लागतं.