आमची बिल्डिंग मीच पाडली

नौपाड्यातली आमची चार मजली बिल्डिंग गेली ११ वर्षं रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. समोरचा रस्ता ९ मीटर भरत नाही, म्हणून एकही बिल्डर टिकत नाही. मागच्या रविवारी वरणभात जेवून मी ती माऊसने पाडली. ना ५१ टक्के सभासदांची संमती, ना बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस फंड.

त्याचं असं झालं. ट्रेन सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या खेळात, मी बोरीबंदर ते ठाणे मार्ग बनवतोय, तोही थेट १६ एप्रिल १८५३ चा. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे. गाडी तयार झाली तेव्हा वाटलं, अवघड काम संपलं. आता जमीन काय, अंथरायची नि रूळ टाकायचे. जमीन फुकट मिळतेसुद्धा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडार लावून ११ दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली (११ दिवसांत! आमचे सभासद तेवढ्यात मीटिंगची तारीख ठरवत नाहीत). ती मोजणी उतरवून घेतली, अंथरली, गाडी सोडली.

मुलुंडपर्यंत गाडी शहाण्या मुलासारखी आली. ठाण्यात शिरताना मात्र तिन्ही इंजिनं आभाळाकडे तोंड करून ठप्प. समोर टेकाड! जन्म ठाण्यात गेला; येऊर माहीत, पारसिक माहीत, हे टेकाड कुठलं? जवळ जाऊन बघतो तर आमची बिल्डिंग. रडारला जमीन थोडीच दिसते? त्याला दिसतात गच्च्या आणि झाडांचे शेंडे. वर तीसेक मीटरच्या चौकोनाला मिळून उंचीचा एकच आकडा. त्यामुळे आमची बिल्डिंग, शेजारच्या दोन, पाण्याच्या टाक्या आणि मधला पिंपळ यांचा एक गरगरीत डोंगर झाला होता आणि त्याचा पायथा थेट रुळांवर. बोरघाटाची चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आमच्या नौपाड्याची १२ ला १ भरली.

म्हणून पाडली. मग हात थांबेना. गोखले रोड सपाट केला. १९१६ चा पारसिक बोगदा बुजवला. १८५३ ची गाडी तिकडे जातच नाही, पण सुरुवात केली की राहवत नाही. चहापर्यंत वाशी खाडीला परत केली.

"दादाचा फ्लॅट कुठाय?" मागून बायकोचा आवाज.

"खारफुटीत."

ती दादाला फोन करायला गॅलरीत गेली. आमच्या गॅलरीतलं बोलणं तळमजल्यापर्यंत ऐकू जातं.

तोवर मी रिकाम्या ठाण्यात भातशेती हिरवीगार रंगवली. आई चष्मा पुसत आली. तिचं माहेर मुरबाडकडचं.

"कुठला महिना हा?"

"एप्रिल."

"मग भात हिरवं कसं रे? चैत्र-वैशाखात शेतात नुसते धसकट असतात. आणि राब कुठे भाजलेत?"

राब म्हणजे शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून भाजलेला, भाताची रोपं करायचा जमिनीचा तुकडा, हे मला त्या दिवशी कळलं. मग ती खुर्ची ओढून बसलीच. सगळं हिरवं पुसून मी भुरकट केलं, मधे राबाचे काळे चौकोन काढले. भांडुपकडे मिठागरं काढली तर म्हणाली, "उन्हाळ्यात मिठाच्या राशी असतात, पाणी काय दाखवतोस?" मासुंदा तलाव तेवढा तिने बिनतक्रार पास केला.

संध्याकाळी सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "बिल्डिंग पाडताय म्हणे?"

मी स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"यात आपला प्लॉट कुठला?"

मी राबाच्या एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"समोर रस्ता केवढाय?"

"रस्ता नाही हो, बैलगाडीची वाट आहे."

"म्हणजे ९ मीटर नाहीच," ते म्हणाले आणि चहाला थांबले.