एका हातातून दोन बॉल एकदम फेकणं ही चीटिंग नाहीये

जगलिंगबद्दल, म्हणजे बॉल हवेत फेकत-झेलत खेळवण्याबद्दल, एक मेसेज खूप फिरतोय, "एका हातातून दोन-तीन बॉल एकदम उडवणं म्हणजे चीटिंग, उगाच बॉलचा आकडा फुगवायचा, आणि ते शिकायला आधी पाच बॉल आले पाहिजेत, पंजाही मोठा पाहिजे." नवीन शिकणारी मुलं हे वाचून सोडून देतात म्हणून मनापासून लिहितोय.

चीटिंगचं आधी बघू. असं एका हातातून एकदम फेकण्याला मल्टिप्लेक्स म्हणतात आणि जगलर लोक फेकी आकड्यांत लिहितात ती साइटस्वॅप पद्धत 1980च्या दशकात आली, त्यात एकत्र फेकीसाठी चौकटी कंस आहे. [43]23 घ्या, प्रत्येक आकडा म्हणजे तो बॉल किती ठोक्यांनी पुन्हा फेकायचा ते, कंसातले मिळून एकच ठोका, बेरीज 12, ठोके तीन, 12 भागिले 3 म्हणजे 4 बॉल, साध्या पॅटर्नला जो सरासरीचा हिशोब तोच इथे, मग आकडा फुगला कुठे? हां, तेवढेच बॉल एकेक करून फेकण्यापेक्षा हे बरेचदा सोपं पडतं हे खरंय, म्हणून तर रेकॉर्ड वेगळे धरतात, युक्रेनच्या अलेक्झांडर कोब्लिकोवचे 14 बॉल मल्टिप्लेक्सचे म्हणूनच नोंदलेत. वेगळा प्रकार आहे, खोटा नाही.

आधी पाच बॉल यायला हवेत हे तर साफ चूक. तीन बॉलचा कॅस्केड, म्हणजे आळीपाळीने एका हातातून दुसऱ्या हातात फेकायचा साधा प्रकार, येतो ना, मग [33]33 करा, म्हणजे तोच कॅस्केड, फक्त तीनपैकी एका बॉलच्या जागी दोन बॉलची जोडी, झाले चार. जोडी आळीपाळीने दोन्ही हातांत येते त्यामुळे दोन्ही हात सोबतच शिकतात. बहुतेकांचं चुकतं कुठे तर मनगट झटकतात, आणि झटकलं की बॉल फाकलेच. तळवा सपाट ठेवा, कोपरातून हात वर उचला आणि जोडी नुसती सोडून द्या, आधी बाकीचे बॉल बाजूला ठेवून फक्त दोन घेऊन डोळ्यांच्या उंचीपर्यंत, शंभर वेळा करावं लागलं तरी करा. ती एकत्र वर जायला लागली की मग उलटं शिकायचं, मुद्दाम फाकवायची. वरच्या [43] मध्ये एक बॉल उंच जाऊन त्याच हातात येतो, दुसरा खालून पलीकडे जातो, तिथे मनगट वळवायचंच, कारण हात वळताना बोटांच्या टोकाकडचा बॉल जास्त वेगाने सुटतो. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत थांबलोच नव्हतो!

राहिला पंजा. सागरगोटे खेळणाऱ्या लहान मुली मूठभर गोटे एकदम उडवून हाताच्या पाठीवर झेलतात, त्यांचे पंजे केवढे असतात? हात लहान असेल तर बॉल लहान घ्या. आणि टेनिस बॉल नको, ते एकमेकांवर आपटून उडतात, जुन्या मोज्यात तांदूळ किंवा बाजरी भरून शिवलेले घ्या, थोडे सैल ठेवा म्हणजे हातात एकाला एक लागून नीट बसतात.