चाळीस हजारांत बोसला धूळ चारणाऱ्या मेसेजबद्दल

भाच्याने गाडी बुक करायच्या आठवड्यात मला तो मेसेज पाठवला. थोड्याफार फरकाने तो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर असा: कंपनीच्या प्रीमियम साउंड सिस्टीममध्ये नुसत्या नावाचे पैसे असतात. टॉप मॉडेलवर दोन लाख जास्तीचे घालण्यापेक्षा खालचं मॉडेल घ्या आणि बाहेरून चाळीस हजारांत सिस्टीम बसवा, दुप्पट वॅट मिळतात. बाहेरून बसवलं म्हणून वॉरंटी रद्द करणं कायद्याने शक्यच नाही. कंपनीची स्क्रीन काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाकली की काम फत्ते. खाली भाच्याचा प्रश्न, "मामा, खरं आहे का हे?"

आधीच सांगतो, माझा कल बाहेरून बसवण्याकडेच आहे. आजवरच्या तिन्ही गाड्यांमध्ये मी तेच केलं. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. सल्ला जवळपास माझाच, पण त्याखालचे हिशोब चुकलेले.

पहिला मुद्दा नावाचा. यात तथ्य आहे, पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं. जेबीएल, इन्फिनिटी, हरमन कार्डन, मार्क लेव्हिन्सन ही चारही नावं हरमन या ऑडिओ कंपनीच्या एकाच घरातली, आणि 2017 पासून ते घर सॅमसंगच्या मालकीचं. हॅरिअरमध्ये जेबीएल, थार रॉक्समध्ये हरमन कार्डन, हायक्रॉसमध्ये पुन्हा जेबीएल. म्हणजे स्पीकरच्या जाळीवरचा बिल्ला बघून गाड्यांची उतरंड लावण्यात अर्थ नाही. स्वस्त गाड्यांवर झळकणारं 'आर्कामिस' तर स्पीकरचं नावच नव्हे. ती आवाजाचं सॉफ्टवेअर ट्यूनिंग करणारी फ्रेंच कंपनी आहे.

पण नावाखाली काहीच नसतं, हे खोटं. गाडीसाठीच खास बसवलेली सिस्टीम ही कल्पना बोस या ऑडिओ कंपनीने जनरल मोटर्सबरोबर 1983 च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत आणली. कल्पनेचा गाभा स्पीकरपेक्षा जागेत होता. काच आवाज परतवते, सीटचं कापड तो गिळतं, आणि आपण कधीच मधोमध बसत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर डाव्यापेक्षा सहज अर्धा मीटर जवळ. तिथला आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायिका डॅशबोर्डच्या मधोमध उभी न राहता तुमच्या उजव्या गुडघ्याशी बसून गाते. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवायचं काम डीएसपी नावाची चिप करते. चांगल्या प्रीमियम सिस्टीममध्ये पैसे जातात ते या जुळवाजुळवीला.

याच मेसेजबरोबर कधीकधी एक फोटो येतो: उघडलेलं दार, हातात कंपनीचा स्पीकर, कोन कागदाचा, मागे बोटभर लोहचुंबक. "बघा, काय देतात!" अहो, कागदाचा कोन हा स्पीकरच्या धंद्यातला जुना आणि इज्जतदार माल आहे. आणि चुंबक जास्त ताकदीच्या निओडिमियमचं असलं तर ते लहान असणारच. वजनावर घ्यायला ती काय रद्दी आहे?

आता वॅट. दुकानातल्या खोक्यावर '50 वॅट गुणिले 4' असं ठळक छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीतला व्होल्टेज धरा 14.4. स्क्रीनच्या आत बसलेली ॲम्पची, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या भागाची, चिप यापेक्षा जास्त झोका देऊच शकत नाही. त्याचं आरएमएस, म्हणजे सतत टिकणारं प्रभावी मूल्य, होतं साधारण 10.2 व्होल्ट. 4 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरवर 10.2 चा वर्ग भागिले 4, म्हणजे 26 वॅट. हे कागदावरचं. चिपची स्वतःची गळती धरली की हातात विशीच्या आसपास उरतात. बाकीचे वॅट स्टिकरवरच राहतात. म्हणून खोक्यावर आरएमएसचा आकडा शोधा, आणि सीईए-2006 लिहिलेलं दिसलं तर उत्तमच. त्या पद्धतीत 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि विकृती 1 टक्क्याच्या आत, अशी मोजणी ठरलेली आहे.

बरं, वॅट खरोखरच दुप्पट झाले तरी? आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, 3 डेसिबलने जास्त असलेला स्पीकर घेतला, तर तेवढाच फायदा एक वॅटही न वाढवता मिळतो. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो आणि दुकानदार तो कधी वाचून दाखवत नाही.

चाळीस हजारांचं काय? माझं मागचं बिल सांगतो. पुढची कॉम्पोनंट जोडी (वूफर आणि ट्वीटर वेगळे) 9,500, फोर चॅनल ॲम्प 13,000, वायरिंग किट 2,800, पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग 5,000, सीटखालचा सबवूफर 12,000, मजुरी 4,500. झाले 46,800, आणि यात डीएसपी नाही. कंपनीच्या साध्या चार स्पीकरांपुढे हा आवाज कितीतरी सरस होता. पण मेव्हण्याच्या गाडीतल्या आठ स्पीकरच्या प्रीमियम सिस्टीमशी तुलना केली तेव्हा पुढच्या सीटवर माझी सरशी आणि मागच्या सीटवर त्याची. मागे मुलं आणि आई बसतात, त्यामुळे घरात निकाल माझ्या विरोधात लागला.

या बिलात सगळ्यात वसूल झालेले पैसे डॅम्पिंगचे. दाराचं आतलं प्लास्टिक काढलं की मागे दिसतं ते पातळ पत्र्याचं पोकळ खोकं. पत्र्याला हातभर भोकं, त्यावर एक पारदर्शक कागद चिकटवलेला. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ओढतो. मागची लाट त्या भोकांतून पुढे आली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि जातो तो नेमका खालचा सूर. ब्युटिलच्या शीटने भोकं बुजवली, पत्रा जड केला, की तोच स्पीकर वेगळा वाजतो. ढोलकीच्या धुमाला वजन येतं. आधी तिथे नुसतं टपटप ऐकू येत होतं. ज्या दुकानात डॅम्पिंगचा विषय न काढता थेट सबवूफर दाखवायला घेतात, तिथून चहा पिऊन निघावं.

आणि ते दोन लाख. टॉप मॉडेलच्या फरकात सनरूफ असतं, हवेशीर सीट असतात, एडीएएस म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असते. सगळी रक्कम आवाजाच्या खात्यावर टाकायची हा हिशोब कुठला? ते सगळं हवं असेल तर सिस्टीम जवळपास फुकट पडते. त्यातलं काहीच नको असेल तर मात्र मेसेज बरोबर आहे, कारण शोरूमवाले फक्त स्पीकर वेगळे विकत नाहीत.

वॉरंटीचा कायदा मेसेजवाल्याने अमेरिकेतून आणलाय. तिथे 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवल्याशिवाय कंपनी तिथे वॉरंटी नाकारू शकत नाही. आपल्याकडे नेमका असा कायदा नाही. तुमच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत काय छापलंय त्यावर गोष्टी ठरतात. वायर कापून जोडणी केली असेल तर इलेक्ट्रिकल कामाचा क्लेम अडवायला सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे जाता येतं, पण तारखा तुम्ही करायच्या.

म्हणून वायर कापू द्यायची नाही. बहुतेक गाड्यांचे, वायर न कापता जोडणारे तयार कपलर मिळतात. तरीही दुकानातला मुलगा पक्कड घेऊन दारात शिरला तर हात धरा. माझ्या दुसऱ्या गाडीत एका दुकानाने ॲम्पची रिमोट वायर, म्हणजे तो चालू-बंद करणारी, चावीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर न देता कायम चालू असलेल्या लाइनवर दिली. ॲम्प रात्रभर जागा. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उताणी, आणि मी सोसायटीच्या वॉचमनबरोबर गाडी ढकलतोय. हे निदान विनोदी तरी. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरला बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज नसेल तर त्यात विनोद नाही. पत्र्यावर घासून ती वायर सोलली की आग लागते. ॲम्पजवळचा फ्यूज तिथे काहीच करू शकत नाही.

मोठ्या अँड्रॉइड स्क्रीनचा सल्ला दहा वर्षांपूर्वीच्या गाड्यांना चालतो. डबल डिन या ठरावीक मापाचा चौकोन होता, काढला आणि बसवला. मी स्वतः केलंय, मजा येते. आज त्याच स्क्रीनमध्ये एसी, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंगची पिपपिप, स्टिअरिंगवरची बटणं, गाडीच्या सेटिंग्ज सगळं अडकलेलं असतं. ती काढली की यातलं काय बंद पडेल ते बसवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. नव्या गाडीत स्क्रीन तशीच ठेवावी आणि तिच्या स्पीकर वायरवरून सिग्नल ॲम्पकडे न्यावा. इथेही एक मेख आहे. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनी आवाज वाढेल तसा बेस कापत जाते, आणि तो कापलेला सिग्नलच तुमच्या महागड्या ॲम्पला मिळतो. हा हिशोब सरळ करायला पुन्हा डीएसपी, म्हणजे बिल पुन्हा वर.

आधीच प्रीमियम सिस्टीम असलेल्या गाडीत तर हात घालूच नये, असं माझं मत. ॲम्प कुठेतरी दडवलेला असतो, स्पीकर कधीकधी 2 ओहमचे असतात, एक बदलला की बाकीच्यांशी जुळत नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. बाहेरून बसवलेलं सामान विम्यात आपोआप येत नाही. कंपनीच्या किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत वेगळी नोंदवावी लागते, आणि त्यावर साधारण 4 टक्के जादा हप्ता बसतो. 40,000 वर 1,600. गाडी फुटली किंवा चोरीला गेली तर हेच कामाला येतात, पण दुकानाचं पक्कं बिल हवं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की शोरूममध्ये दोन्ही मॉडेल ऐक. इंजिन चालू, एसी दोनवर, दारं बंद, इक्वलायझर सपाट, गाणी स्वतःची आणि केबलने. सेल्समनची चकचकीत डेमो ट्रॅक लावू देऊ नकोस, ती सगळीकडेच छान वाजते. एक ढोलकीचं घे आणि एक किशोरीताईंचं. त्यात आलापामागचा तानपुरा वेगळा ऐकू येतो का, की नुसती झिणझिण होते, ते बघ. तो शनिवारी गेला, दीड तास बसला, मधलं मॉडेल बुक करून आला. दारांचं डॅम्पिंग आणि पुढची जोडी एवढंच करणार म्हणतो, स्क्रीनला हात न लावता.

रविवारी संध्याकाळी तोच मेसेज मला दुसऱ्या एका ग्रुपवर आला. तिथे आता चाळीसचे पस्तीस हजार झालेत.