सर्वगुणसंपन्न व्हा, फक्त १३ आठवड्यांत

आधी अप्पा बळवंत चौकात जाऊन एक जाड वही आणा. दुकानदार सुटे मागेल. हसून द्या, साधना तिथूनच सुरू होते.

वहीत वारांचे ७ उभे रकाने आखा आणि गुणांच्या १३ आडव्या ओळी. युक्ती माझी नव्हे, बेंजामिन फ्रँकलिनची. १७०६ साली जन्मलेल्या या छापखानेवाल्याने ऐन तारुण्यात निर्दोष व्हायचं मनावर घेतलं. आठवड्याला एक गुण, वर्षात चार आवर्तनं, चुकलं की काळा ठिपका. ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडली, तेव्हा त्याने ओल्या स्पंजने पुसता येणारी हस्तिदंती पानं घेतली. तुम्ही लॅमिनेशन करून घ्या.

पहिला गुण मिताहार. सोमवारी सुरुवात करा, रविवारी मिसळ असते.

दुसरा मौन, म्हणजे कुणाच्या उपयोगाचं असेल तेवढंच बोलायचं. सदाशिव पेठेत कुणी पत्ता विचारला, तर फक्त पत्ता सांगा. स्कूटर चुकीच्या बाजूला लावलीत, ज्यांच्याकडे निघालात ते दुपारी झोपतात, आणि मुळात फोन करून यायची पद्धत असते, यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी काढलं नाही. ‘डावीकडे, तिसरा वाडा’ एवढंच ऐकून तो गृहस्थ माझ्याकडे संशयाने बघत राहिला आणि खात्री करायला समोरच्या पानवाल्याकडे गेला.

तिसरा गुण टापटीप. इथे खुद्द फ्रँकलिनने हात टेकले आणि एक गोष्ट सांगितली. एकाला कुऱ्हाडीचं अख्खं पातं धारेसारखं लखलखीत हवं होतं. लोहार म्हणाला, करतो, चाक तू फिरव. फिरवून फिरवून खांदे भरून आल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे, ठिपक्यांची कुऱ्हाडच मला आवडते. तुम्ही मात्र चाक सोडू नका. लाकडं शेजारी फोडेल.

धर्मराजाचंही उदाहरण समोर ठेवा. ‘नरो वा कुंजरो वा’ करेपर्यंत त्याचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वर चालायचा. पावसाळ्यातल्या पुण्यात चार अंगुळांनी भागत नाही, पण निदान सुरुवात.

मधले गुण उरकून घ्या. तेरावा नम्रता. फ्रँकलिनच्या यादीत आधी १२च होते. तू गर्विष्ठ आहेस असं एका क्वेकर (साधेपणाचा आग्रह धरणारा ख्रिस्ती पंथ) मित्राने सांगितल्यावर हा वाढवला. गर्व जिंकलाच, तर नम्रतेचा गर्व होईल, हेही त्याने कबूल करून टाकलं. (आमच्या पेठेत या गुणाला वेगळा आठवडा लागत नाही. तो आमच्यात इतरांपेक्षा जास्तच आहे.)

खरी कसोटी अकराव्या आठवड्यात, शांतचित्ताची. क्षुल्लक गोष्टींनी विचलित व्हायचं नाही. त्या गुरुवारी आमटीत मीठ नव्हतं. मी दोन वाट्या प्यायलो आणि सस्मित ताट उचलून ठेवलं. बायकोने स्वतः चव घेतली, माझ्या कपाळाला हात लावला आणि आत जाऊन मेव्हण्याला फोन केला: “अरे, हे काही बोलतच नाहीयेत. डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलंय का?”

रात्री मी मीठ कमी असल्याचं सविस्तर सांगितलं. मग कुठे तिला झोप लागली.

वही टाकू मात्र नका. आमच्याकडे ती आता फ्रिजवर असते. रकाने आयते आखलेले आहेत. दूधवाला आला नाही की ठिपका. या महिन्यात त्याचे चार झालेत.