पत्ता असलेला भोंगा

काल रात्री पावणेतीनला लाइट गेली आणि फायर अलार्मचं पॅनेल कुई कुई करायला लागलं. ते पॅनेल माझ्याच दाराबाहेर का, तर मी सेक्रेटरी आणि वर्क फ्रॉम होमवाला, म्हणजे सोसायटीच्या हिशोबात रिकामटेकडा.

नाशिकला गंगापूर रोडवरची आमची सात मजली बिल्डिंग. जुलैचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचं सहामाही सर्टिफिकेट) द्यायचा होता, ते देणारा लायसन्सवाला म्हणाला जुनी सिस्टीम मेलीये, नवीन बसवा. तीन आठवडे कोटेशनं गोळा केली. पार्किंगमध्ये मीटिंग घेतली, सोबत चिवडा (चिवडा नसेल तर आमच्याकडे कोरम होत नाही), आणि समजावलं, बाबांनो, अलार्म दोन प्रकारचे, कन्व्हेन्शनलमध्ये नुसता झोन कळतो, म्हणजे चौथ्या मजल्यावर कुठेतरी, पुढे तुम्ही शोधत बसा, अ‍ॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो.

"पत्त्याचे वेगळे पैसे कशाला?" पाचव्या मजल्यावरचे काका. "बंबवाल्यांना विचारत येऊ दे की, नाक्यावरचा पानवालासुद्धा सांगेल."

"काका, बिल्डिंगचा नाही, डिटेक्टरचा पत्ता."

"बरं. आणि हिने लसणाची फोडणी घातली की वाजणार?"

म्हटलं, किचनमध्ये धुराचा नाही, हीट डिटेक्टर लावतात, साधारण सत्तावन्न डिग्रीला वाजतो.

काकांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. "मे महिन्यात नाशिक चाळीसला जातं."

"चाळीस म्हणजे सत्तावन्न नाही हो."

"आज नाही. पण दरवर्षी वाढतंय की नाही?"

लोकांनी माना डोलावल्या! तीन आठवडे वाचून आलेल्या माणसापुढे त्या "वाढतंय की नाही"ने मतदान जिंकलं. अ‍ॅड्रेसेबलचा पत्ता कट, कन्व्हेन्शनल पास. त्याच मीटिंगमध्ये गेटवरच्या स्टीलच्या अक्षरांना आणि गणपतीच्या लायटिंगला मात्र एकाने हूं की चूं केलं नाही, जीव वाचवायचं म्हटलं की यांना भाव करावासा वाटतो, आणि उद्या काही झालं तर कॉलर सेक्रेटरीची धरणार, त्यांची नाही.

असो. तर पावणेतीन. बझर सायलेंट करायचं बटण पॅनेलच्या आत, पॅनेलला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावी सिन्नरला. बॅटरी मात्र ठणठणीत. मी उशी डोक्यावर घेऊन पडलो तोच फोन वाजला. काका.

"अरे, ते कुठे वाजतंय रे नेमकं?"