सापमाऱ्या शेजाऱ्याशी कसं नांदावं

सगळ्यात आधी कौतुक करायला शिका. तुमच्या घराला लागून एखादे काकाजी राहत असतील, त्यांच्या खिशात गुलेर म्हणजे गलोल आणि दारामागं तेल पाजलेली काठी असेल, तर तुम्ही नशीबवान. वाघ आलाच तर दार लावणारे पहिले तेच असतील, ते सोडा. पण खार, सरडा, मुंगूस, पिंगळा, वांदराचं पिल्लू असल्या भयंकर श्वापदांपासून गाव वाचवणार कोण? पोलीस पाटलाला वेळ नाही आणि सरपंच तालुक्याला असतात.

आमच्याकडे आहेत असे एक काकाजी. गाव आर्वीकडचं, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, कारण आमची मधली भिंत एकच आहे आणि येत्या पावसाळ्यात ती पडली तर अर्धा खर्च त्यांनी द्यायचा आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी जो पराक्रम केला, त्यानंतर सारा गाव मला "गुरुजी, जाऊ द्या, शांत राहा" म्हणतो आहे. शांत राहण्यावर माझा आता चांगलाच अभ्यास झाला. तुमच्याही कामी यावा म्हणून लिहितो.

वांदरांच्या बाबतीत वार पाळा. शनिवारी मारुतीला तेल, रुईची माळ, नारळ. रविवारी मारुतीच्या गणगोतावर सुतळी बॉम्ब. यात काही विसंगती दिसत असेल तर तुमची श्रद्धा कमी पडते. वांदरं उच्छाद मांडतात, यात वाद नाही. माझीही कवेलू त्यांनीच फोडली, वालाच्या शेंगा ओरबाडल्या, माळवदावर वाळत घातलेले सरगुंडेसुद्धा सोडले नाहीत. पण डबा वाजवला, कुत्रं सोडलं, दोन शिव्या हासडल्या की कळप पुढच्या आळीत जातो. काकाजींना कळप जायला नको असतो, एखाद्याला लागायला हवं असतं. दिवाळीतले उरलेले बॉम्ब ते वर्षभर जपतात, घरोघरी लोणचं जपतात तसे. पोटाशी पिल्लू धरून भिंतीवर बसलेल्या मादीवर पेटता बॉम्ब फेकायला काळीज लागतं. आपल्यासारख्यांना नाही जमत ते.

पिंगळा रात्री ओरडला की कोणीतरी मरतं, हे मान्य करून टाका. काकाजींनी चिंचेवर दगड मारायला घेतल्यापासून मरणारा बहुतेक पिंगळाच असतो.

घोरपडीच्या तेलानं गुडघे बरे होतात, यावरही वाद घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तेवढं बसून राहिल्यावर गुडघ्याला आराम पडणारच.

घरात चिकट पुठ्ठा आणायला काकाजी सांगतील, तर नाही म्हणू नका. बाजारात सहज मिळतो. उंदीर पकडायला असतो, असं त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं. काकाजींनी तो अंगणात ठेवला, तुळशीवृंदावनाच्या मागं, वर चार शेंगदाणे. शेंगदाणे रात्री उंदीर खातो आणि दिवसा खार खाते, पण एवढं कोण पाहून राहिलं? सकाळी मी पाहिली तेव्हा तिचे पुढचे दोन्ही पाय, पोट आणि एक गाल पुठ्ठ्याला बसला होता. मिशा डिंकात. मोकळी होती ती शेपटी, तीच तेवढी हलत होती. आवाज नव्हता, कारण तोंड उघडत नव्हतं. काकाजी दात घासता घासता म्हणाले, "टाक ना उकिरड्यावर पुठ्ठ्यासकट. येवढं काय पाहून राहिला?"

अशी खार सुटते. गोडं तेल बोटानं थोडं थोडं लावायचं, मऊ पडेपर्यंत थांबायचं, मग एकेक पाय सोडवायचा. ओढलं तर कातडं पुठ्ठ्यावर राहतं. माझ्या बायकोनं अर्धी वाटी तेल घालवलं आणि नंतर भिंतीवरून तेलाचा भाव काकाजींना ऐकवला. भाव त्यांना पटला. बाकी काही पटलं नाही. याच काकाजींनी सप्ताहात खारीच्या पाठीवरून रामानं बोटं फिरवल्याची कथा ऐकून उपरण्यानं डोळे पुसले होते. मी बाजूलाच बसलो होतो.

आता साप. हा विषय थोडक्यात आटपणार नाही.

साप निघाला की त्याची जात विचारू नका. जात विचारायची ती माणसांची. सापाच्या बाबतीत सगळे सारखे, सगळे कोब्रा. आमच्या कोठ्यात कुटाराच्या ढिगामागं एक धामण राहायची. सहा-सात फुटांची, मातकट पिवळी, शेपटीकडे काळ्या रेघांची जाळी, ओठांवर उभ्या काळ्या रेषा, डोळे मोठे आणि गोल. सकाळी ऊन चढलं की कोठ्याच्या दगडावर यायची, पावलांची चाहूल लागली की क्षणात आत. धामणीला विष नसतं. ती दिवसाढवळ्या फिरते आणि उंदीर खाते. ती होती तोवर आमच्या कोठ्यात ढेपेचं पोतं कोणी कुरतडलं नाही. फुकटात राखण, वर ना पगार ना पेन्शन.

काकाजींना हे सांगून पाहू नका. त्यांचं सर्पशास्त्र वेगळं आहे. धामण गाईच्या मागच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते. बैलाच्या नाकात शेपटी घालते. म्हशीकडे नुसतं पाहिलं तरी म्हैस मरते. आता सापाला ओठ मिटून ओढताच येत नाही, तर सडातून दूध कसं पिणार? त्याचे दात आत वळलेले असतात. तसले दात सडाला लागले तर गाय उभी राहील काय? आमची गाय तर माझ्या बायकोशिवाय कोणाच्याच हाताला उभी राहत नाही. पण काकाजींनी "आमच्या बुढ्यानं पायलं होतं" म्हटलं की शास्त्र संपलं.

तर गेल्या आठवड्यात ती धामण भिंत ओलांडून त्यांच्या बाजूला गेली. उंदरामागंच गेली असणार, कारण काकाजींकडे भाव वाढेल म्हणून थांबवलेली सोयाबीनची पोती आहेत. (भावाचं विचारू नका.) मी शाळेतून आलो तेव्हा आळीभर गर्दी. "नाग, नाग" असा ओरडा. पाच-सहा काठ्या, दोन फावडी आणि बाकी सगळे हात मोबाइल धरायला. कोपऱ्यात कोंडलेली धामण अंग फुगवून फणकारत होती. करायला तिच्याकडे तेवढंच होतं. मी "धामण आहे, सोडा" म्हणेपर्यंत कंबर मोडली होती. त्यानंतरही ती हलत होती, म्हणून त्यानंतरही मारत होते.

मग विधी. सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो आणि जोडीदार तो पाहून सूड घ्यायला येतो, म्हणून आधी डोकं ठेचलं. डोळे राहता कामा नयेत. आणि डोळे ठेचून झाल्यावर काकाजींनी ती काठीवर टांगली, छाती काढली आणि नातवाकडून स्वतःच फोटो काढून घेतला. मग ती जाळली. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या तालुक्यात पोचला होता. 'आठ फुटी कोब्रा, काकाजी वाघ.' खाली अंगठे, हात जोडलेले, आगीच्या ज्वाळा. जोडीदाराकडे मोबाइल नसावा अशी आशा आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली किती तरी आपल्यासारखीच, खेड्यातली, शेतातली. रात्रीच्या थ्री-फेजला ओलितासाठी बॅटरी घेऊन निघणाऱ्याला कोणी सापाबद्दल प्रवचन देऊ नये. पण जीव घेणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार. नाग, घोणस, मण्यार, फुरसं. मण्यार रात्री येते, खाली अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते, आणि बरेचदा त्याला कळतही नाही. त्या वेळी काकाजींची काठी कुठे असते? घोणस फुत्कारली तर काकाजी कुठे असतात? ओसरीच्या आत, कडी लावून. बहादुरी निघते ती धामणीवर, दुपारी, सहा जणांत.

त्यातही गंमत बघा. श्रावणात काकाजींच्या घरी नागपंचमी कडक. तवा चढत नाही, विळी निघत नाही, शेतात औत जात नाही. कुठं सापाला लागलं-बिगलं तर? वारुळाला लाह्या, दूध, हळदकुंकू. ते दूध साप पीत नाही, ते जाऊ द्या. पण त्या दिवशी ज्याला खरचटू नये म्हणून भाजीसुद्धा चिरत नाही, त्याचं डोकं बाकीच्या दिवशी दगडानं ठेचता?

असो. उपदेश चालू होता.

कायद्याची भाषा वापरायची असेल तर आधी दर माहीत करून घ्या. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. पन्नासात तंबाखू-सुपारीचे दोन खर्रे येतात. म्हणजे दोन खर्रे आणि एक जीव, सारखाच हिशेब. वन्यजीव कायदा मात्र वेगळा. १९७२ चा तो कायदा २०२२ मध्ये सुधारला, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात धामण पहिल्या अनुसूचीत आहे. मोर आहे त्याच अनुसूचीत. पंचवीस हजारांच्या खाली दंड नाही, कैद वेगळी. हे मी काकाजींना सांगितलं तर ते हसले. "मंग काय, सापासाठी शेजाऱ्याले जेलात टाकतं?"

मी वन विभागाच्या मदत क्रमांकावर, १९२६ ला, फोन लावला. वनरक्षक आला, फटफटीवर, उन्हात, बिचारा. जळकं शेपूट पाहिलं, मोजलं, लिहून घेतलं. मग म्हणाला, गुरुजी, पंच द्या दोन. सही पाहिजे.

आणि आता आळीत चिटपाखरू नाही. ज्यांनी व्हिडिओ काढले ते वावरात गेलेले. ज्यांनी अंगठे दिले त्यांचे मोबाइल बंद. एक जण म्हणाला, मी तं बाहीरगावी होतो. त्याचा आवाज त्या व्हिडिओत आहे, "मार, मार, डोक्यावर मार" असा. एकानं मला बाजूला घेऊन समजावलं, "गुरुजी, तुमाले इथंच राहाचं हाय." अरे, मला इथंच राहायचं आहे म्हणूनच बोलतो आहे ना! पुण्याला राहायला गेलो असतो तर कशाला बोंबललो असतो?

आता त्या घरात काय चाललं आहे ऐका. उंदीर झालेत. सोयाबीनच्या पोत्यांना खालून भोकं, बारदाना चिंध्या. काकाजींनी दुकानातून उंदराचं औषध आणलं, गुळाच्या गोळ्यांत घालून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवलं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. मांजर त्यालाच धरते, पिंगळा त्यालाच उचलतो. मग तेही जातात, आणि उंदीर उरतात. आणि उंदरांमागं खरा नाग येतो. तेव्हा मात्र काकाजी मला हाक मारतील, गुरुजी, तुमाले सापाचं कळते, या बरं जरा.

नाही येणार, असं म्हणायला जीभ शिवशिवते आहे. पण घरात त्यांची सून आहे, लेकरं आहेत. येईन.

पण काकाजी, एक ऐकून घ्या, आता वाकडं बोलत नाही. त्या गर्दीतली तीन पोट्टी माझ्या वर्गातली होती. सकाळी मी त्यांना फळ्यावर अन्नसाखळी काढून दिली, गवत, टोळ, बेडूक, साप. दुपारी तुम्ही त्यांच्या हाती काठी दिली. एकाच्या पायजम्यावर रक्त उडालं होतं आणि तो हसत होता. त्याचं वय नऊ वर्षं आहे. तुमच्या ओसरीत गाडगेबाबांचा फोटो आहे, वीस डिसेंबरला तुम्ही त्याला हार घालता. देवापुढं बकरं कापू नका म्हणून तो माणूस जत्रेजत्रेत लोकांशी भांडला. तुम्ही कोणाचा फोटो लावला आहे, ते तरी एकदा पाहा. भीती वाटली असती तर मी समजून घेतलं असतं. भीतीत माणूस दार लावतो, मागं सरतो, ओरडतो. तुम्ही फोटोसाठी उभे राहिलात. ती भीती नव्हती, तुम्हाला मजा आली.

आणि बाकीचे, पंचनाम्याला न सापडलेले! तुम्ही काकाजींपेक्षा वाईट. ते निदान आपण केलं म्हणून सांगतात. तुम्ही पाहता, पाठवता, आणि सही करायची वेळ आली की वावरात.

पुढच्या वेळी साप निघाला तर पोरांना मागं घ्या, दुरून नजर ठेवा आणि १९२६ लावा. मोबाइल हातात असतोच. काठ्या घेऊन माझ्या कोठ्याकडे आलात तर फाटकात मी उभा असेन, आणि तेव्हा भिंतीच्या खर्चाची धमकी देऊ नका. पडू द्या भिंत.