तू कोण रे मला शिकवणारा?

आज दुपारपासून डोकं ठणकतंय. भाच्याला घेऊन अजिंठ्याला गेले होते. सोळा नंबरच्या लेण्यात एक गृहस्थ मोबाईलचा फ्लॅश मारत सुटले होते. ड्यूटीवरचं पोरगं म्हणालं, "साहेब, फ्लॅश बंद करा." तर उत्तर काय? "तू कोण रे मला शिकवणारा? तिकीट काढून आलोय!" पोरगं गप्प. आणि आसपासची सुशिक्षित मंडळी छत न्याहाळण्यात मग्न!

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, तिथे चौकीदार होते. लेण्यांत वीज नव्हती तेव्हाचे. दाराशी उभं राहून आरशानं ऊन आत फेकायचं, आत दुसऱ्यानं पांढरं कापड ताणून धरायचं, मग उजेड मऊ होऊन भिंतीवर पडायचा. ऊन सरकलं की आबाही सरकायचे. बाकी वेळ वटवाघळांची घाण काढायची.

एकदा कुणा बड्या अधिकाऱ्याचे पाहुणे आले. त्यांना फोटोसाठी पद्मपाणीवर, म्हणजे एक नंबरच्या लेण्यातल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर, पाणी मारून हवं होतं, ओली भिंत उठून दिसते म्हणून. बादली आलीसुद्धा. आबा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "आदी मह्या अंगावर वता, सायब."

बास. एवढंच.

आणि शिकलेल्यांनी काय केलं? 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला, दहा नंबरच्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव कोरून गेला. त्यालाच आपण 'शोध लावला' म्हणतो. डॉ. बर्डनं मुंबईच्या संग्रहालयासाठी चित्रं सोलून काढायला घेतली, गिलाव्याचा चुरा झाला. निजामानं 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी निखळणारा गिलावा पक्का केला हे खरंच, पण वर चढवलेलं लाखेचं वार्निश पुढे काळवंडलं. ते काढता काढता नंतरच्यांच्या नाकी नऊ आले.

हो, सगळे राखणदार साधुसंत नव्हते. चिरीमिरी घेऊन भिंतीचे तुकडे पाहुण्यांच्या हातावर ठेवणारेही होऊन गेले. झालं समाधान?

पण एक सांगा. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकारी-चित्रकारानं 1844 पासून वर्षानुवर्षं इथे बसून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लावल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन नकला करायला आला, 1872 पासून तेरा वर्षं खपला. त्याही लंडनला गेल्या, आणि 1885 च्या आगीत शंभरावर गेल्या. साहेबाच्या घरात, साहेबाच्या पहाऱ्यात! आणि अस्सल चित्रं? ती इथेच, वाघुरच्या घळीत, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या माणसांच्या भरवशावर. मग राखण कुणाला जमली म्हणायची?

आबांना त्या दिवसाबद्दल शाबासकी नाही, मेमो मिळाला. पाहुण्यांशी उद्धट वर्तन. तो कागद त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता, आजी चिडायची. मला वाटतं त्यांना त्याचा अभिमानच होता, पण बोलून कधी दाखवला नाही. लेण्यांबद्दलही फार बोलायचे नाहीत. बोधिसत्त्व वगैरे शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. 'एक नंबरातला देव' म्हणायचे.

आजच्या पोराला मी बाहेर गाठलं. म्हटलं, "दादा, बरोबर बोललास तू." तर तोच ओशाळला. "जाऊ द्या ना ताई, रोजचंच आहे."

रोजचंच आहे! गिलची कबर भुसावळला आहे, लोक शोधत जातात. जावं, माझी ना नाही. पण आबांसारख्यांच्या नावाचा साधा फलक तरी कुठे लावावासा वाटला कुणाला?

खाली कुणी 'गार्डही फार उर्मट असतात हो' लिहिणार असेल तर लिहा. असतात काही. मी आज उत्तर देणार नाही.